कागदावर घर एक, चुली दोन : मालवा मिलजवळच्या काकूंच्या रेशनचं प्रकरण

जून २०२५. काकू कंट्रोलवरून निघाल्या त्या थेट माझ्याकडे आल्या, रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरलेली. इंदुरात स्वस्त धान्याच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात, सरकारी नाव कितीही लांबलचक असो. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "अम्मा, आपका तो उठ गया. तीनों महीने का." पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम वाटून टाका, असं त्या वर्षी केंद्राने राज्यांना सांगितलं होतं. म्हणजे काकूंच्या वाट्याचं एका महिन्याचं पाच नव्हे, तीन महिन्यांचं पंधरा किलो गेलं होतं आणि पुढचं धान्य दिसणार थेट सप्टेंबरात.

काकूंचं नाव लिहीत नाही. वय ७४. मालवा मिलच्या बाजूला चाळीत एक खोली, नवरा मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी कॉलेजात असताना काकू रामबागेत आमच्या माहेरी पोळ्या करायला यायच्या. मला साठी उलटली तरी त्या "अगं पोरी" म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशा लोकांची कागदपत्रं बघते. समग्र आयडी (राज्य सरकारने घराला आणि माणसाला दिलेला ओळख क्रमांक), पेन्शन, आधारमधलं जन्मसाल, याच्यापलीकडे माझी विद्वत्ता नाही. हे प्रकरण लिहून ठेवतेय ते मी त्यात आधी साफ चुकले म्हणून.

चूक अशी की गल्लीने जे मानलं तेच मीही मानलं : दुकानदाराने खाल्लं. म्हातारी बाई, एकटी, अंगठा धड लागत नाही, याहून सोपं गिऱ्हाईक कोणतं? दोन दिवसांत चाळीत सात-आठ सह्यांचा अर्ज तयार झाला. हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. चार दिवसांनी उत्तर आलं की आपल्या कुटुंबाचं रेशन वितरित झालेलं आहे. मला संताप आला. उत्तर अक्षरशः खरं होतं, हे नंतर कळलं.

पोर्टलवरची एक ओळ

मध्य प्रदेशात रेशन चालतं ते पात्रता परचीवर, म्हणजे घर रेशनला पात्र असल्याच्या चिठ्ठीवर, आणि परचीच्या मुळाशी असते समग्र आयडी. घराची आठ अंकी, माणसाची नऊ अंकी. घराचा आकडा टाकला की कोणत्या महिन्याचं धान्य कधी आणि कोणत्या दुकानातून उचललं ते ऑनलाइन दिसतं. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. बघितलं ते सहाव्या दिवशी, सह्यांचा अर्ज टाइप करायला बसले तेव्हा.

ओळीत लिहिलं होतं : पाच सदस्य, तीन महिने, पंचाहत्तर किलो, एकाच दिवशी. जिल्ह्याच्या रकान्यात इंदूर नव्हतं. धार होतं.

धार म्हणजे पीथमपूर. काकूंचा मुलगा तिथे एका कारखान्यात ठेक्यावर आहे. तो, बायको आणि दोन मुलं दिवाळीनंतर तिकडे खोली घेऊन राहिली, कारण रोजचं जाणंयेणं आणि रात्रपाळी झेपेना. आधी तो दर महिन्याला मोटरसायकलवर येऊन इथल्याच कंट्रोलवरून सगळं धान्य उचलायचा, दहा किलो आईकडे ठेवायचा आणि उरलेलं घेऊन जायचा. मे महिन्यात सूनबाईंना शेजारणीने सांगितलं की अहो, परची कुठलीही असू दे, आता कुठल्याही कंट्रोलवर मिळतं. खरंच मिळतं. देशभरात कुठेही रेशन घेता यावं म्हणून २०१९ मध्ये जी सोय सुरू झाली, तिला मध्य प्रदेश १ जानेवारी २०२० पासून जोडलेला आहे. बाहेरगावी राबणाऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे, याबद्दल मला शंका नाही. सूनबाईंनी अंगठा लावला. घरातल्या एकाचा अंगठा लागला की सगळ्यांचं धान्य निघतं.

फोन केला तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या. "मशीनवर पंचाहत्तर आलं, त्याने मोजून दिलं. मला वाटलं, आईंचं तिकडे वेगळं निघत असेल." बुऱ्हाणपूरकडच्या आहेत, सरळ बोलतात. पुढचंही त्यांनीच सांगितलं : शाळा उघडायची होती, वीसेक किलो गहू किराणावाल्याला देऊन मुलांची पुस्तकं आणली. मी हे काकूंना कसं सांगावं याचा विचार करत होते, पण त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पुस्तकांना गेलं ना? मग जाऊ दे."

सह्यांचा अर्ज फाडला. दुकानदाराकडे जाऊन मी चूक कबूल केली. तो वजनकाट्याकडेच बघत म्हणाला, "मैडम, हमको तो रोज़ कोई न कोई चोर बोलता है." मग मला स्टूल दिलं.

कायदा माणसं मोजतो आणि घराला देतो

इथे मला थांबावं लागलं, कारण तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे राज्याने पात्र ठरवलेल्या घराला, माणशी महिन्याला पाच किलो. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट, आणि १ जानेवारी २०२४ पासून ही मोफत सोय पाच वर्षांसाठी वाढवलेली. याच कायद्याच्या कलम ८ मध्ये असंही आहे की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्याने त्याबदल्यात भत्ता द्यायचा. मी मोठ्या उमेदीने ते कलम काढून ठेवलं होतं. पण धान्य मिळालं होतं. कुटुंबाला मिळालं होतं, पूर्ण पंचाहत्तर किलो, मोजून, पावतीसकट. कायदा धान्य माणसागणिक मोजतो आणि ते घराच्या हातात ठेवतो. घराच्या आत कोण कुठे जेवतं, हे बघायला तो येत नाही. एरवी ते बरंच आहे. सरकारने प्रत्येक घरात डोकावून चुली मोजाव्यात असं मलाही वाटणार नाही. पण ज्या घराच्या दोन चुली पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत तिथे म्हाताऱ्या माणसाचा वाटा फक्त पोराच्या आठवणीवर उभा राहतो.

त्यात एक गंमत म्हणावी अशी गोष्ट आहे. याच कायद्याचं कलम १३ सांगतं की रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख ही घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई. म्हणजे कायद्याने प्रमुख काकू. प्रत्यक्षात नवरा गेल्यावर समग्रमध्ये मुलाचं नाव वर चढलं आणि तसंच राहिलं. "प्रमुख मी?" काकू हसल्या. "मला तर पोर्टलवर शेवटून पहिली दाखवलीस तू."

अंगठा आणि ओटीपी

हे सगळं उलगडत असताना दुसरं संकट डोक्यावर होतंच. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून देणं. नाही केली तर नाव कटेल, अशी दवंडी कंट्रोलवर रोज पिटली जात होती. काकूंचा अंगठा मशीन घेईना. कंट्रोलवाल्याने ओलं फडकं दिलं, पुसून लावला. खोबरेल लावून पुसून लावला. डाव्या हाताचा, मग तर्जनी. सातव्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अम्मा को घर जाने दो भैया." मी त्यांचा हात उजेडात धरून पाहिला. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर रेषाच नाहीत, ताटाच्या काठासारखं गुळगुळीत. चाळीस वर्षं तव्यावरची पोळी त्यांनी चिमटा न घेता बोटांनी उलटली. आमच्या घरातल्या कितीतरी पोळ्या त्यात असणार.

'मेरा ई-केवायसी' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात चेहऱ्यावरून होतं. फोन माझा, चेहरा काकूंचा, पण आधी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल मुलाचा. मुलगा पाळीवर, आत फोन नेऊ देत नाहीत. पहिला ओटीपी शिळा झाला, दुसराही झाला. तिसऱ्यांदा चहाच्या सुट्टीची वेळ विचारून ठेवली, त्याने गेटवरून आकडे ओरडून सांगितले आणि काकूंनी फोनपुढे पापण्या मिटून उघडल्या. झालं. त्यांनी विचारलं, "आता याने गहू मिळतील?" मी म्हटलं, "नाही, काकू. याने नाव राहील."

अंगठा लागला नाही म्हणून कुणाचं रेशन अडवू नये, हे काही दयेचं काम नाही. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं, आणि सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ओळख पटली नाही एवढ्यावरून हक्क नाकारू नये असं म्हटलं. म्हाताऱ्या, अपंग, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने अंगठा लावायचा, म्हणजे नॉमिनी, ही वाट त्यासाठीच आहे. काकूंनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ती कुणासाठी कधी वापरली नव्हती.

पुढे काय काय करता आलं असतं

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते अंत्योदय. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली ही गरिबातल्या गरीब घरांसाठीची रेशन योजना, आणि तिच्या विस्तारात साठीपुढचे निराधार, विधवा, एकट्या राहणाऱ्या बायका हे स्पष्ट घातलेले आहेत. सुप्रीम कोर्टानेही २ मे २००३ च्या आदेशात आधार नसलेल्या वृद्धांना आणि विधवांना अंत्योदय कार्ड द्यायला सांगितलं होतं. अंत्योदय घराला, माणसं कितीही असोत, महिन्याला पस्तीस किलो. पाच कुठे आणि पस्तीस कुठे! फक्त काकूंना कागदावर मुलापासून वेगळं काढायचं, एकटीचं समग्र कुटुंब बनवायचं आणि 'निराधार' हा शब्द सिद्ध करायचा.

मी अर्ज भरून नेला. काकूंनी तो हातात घेऊन, चष्मा लावून, सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "पस्तीस किलो मी काय करू? पिठाची गिरणी टाकू?" आणि थोड्या वेळाने, "आणि हे निराधार कोण? मुलगा आहे ना मला."

मी वाद घातला, आता त्याची लाज वाटते. माझं म्हणणं होतं की हा नुसता सरकारी शब्द आहे. त्यांचं म्हणणं की सही मात्र माझी आहे.

शिवाय कागदही तेवढा सरळ नव्हता. या घराची पात्रता आली होती ती बंद पडलेल्या मिलच्या कामगाराच्या श्रेणीतून. मध्य प्रदेशाने प्राधान्य कुटुंबांच्या ज्या श्रेण्या ठरवल्या त्यात ही एक आहे. घर फोडलं तर श्रेणी कुणाकडे राहणार, काकूंकडे की नातवंडांकडे? वेगळ्या घराची पात्रता पुन्हा तपासली जाणार, मिलचा दाखला पुन्हा लागणार. नव्या परच्यांना जागा किती, तेही वरून ठरतं, कारण देशभराचा लाभार्थ्यांचा आकडा अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, साधारण ८१ कोटी ३५ लाख, आणि अंत्योदयची घरं अडीच कोटींच्या मर्यादेत. हातातलं पाच किलो सोडून रांगेत उभं राहायचं, असा तो सौदा होता. आज मला वाटतं, काकूंनी नाही म्हटलं ते बरोबरच होतं, कारणं त्यांची वेगळी असली तरी.

शेजारच्या एका वकिलीण बाईंनी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं सुचवलं : न्यायाधिकरणाकडे अर्ज, मुलाकडून निर्वाह भत्ता. मुलाचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर आणि तो स्वतःच आईला विचारून आठवड्याचं किराणा सामान भरतो. काकूंनी विषय एका वाक्यात संपवला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वृद्धांसाठी अन्नपूर्णा नावाची योजनाही आहे, २००० सालची. पासष्टच्या पुढचे, पेन्शनला पात्र पण पेन्शन न मिळणारे, त्यांना महिन्याला दहा किलो. काकूंना विधवा म्हणून, इथल्या सरकारी भाषेत 'कल्याणी' म्हणून, महिन्याला सहाशे रुपये पेन्शन येते. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये ती तीनशेची सहाशे झाली. त्यामुळे अन्नपूर्णा बाद. पाच रुपयांत थाळी देणारी दीनदयाल रसोई शहरात आहे, पण काकूंना सिटी बसने जाऊन यायला थाळीपेक्षा जास्त लागतात आणि गुडघे आहेतच.

गल्लीत काहीजणांचा समज वेगळाच होता. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, तिच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागले. तेव्हापासून मिलवाल्याची विधवा म्हटलं की लोकांना बँकेतले आकडे दिसू लागतात. काकूंच्या नवऱ्याची मिल दुसरी. तिथलं देणंघेणं कधीच आटोपलं होतं, त्यातून या खोलीचं छप्पर बदललं.

आता पाच किलोचा हिशेब. रोजचे झाले एकशे पासष्ट ग्रॅमच्या आसपास, म्हणजे काकूंच्या हाताच्या पाच-सहा पातळ पोळ्या. त्यांना धान्य पुरतं. पुरत नाही ते धान्याबरोबरचं. या कायद्यात डाळ नाही, तेल नाही, दूध नाही. सहाशेतून दळण, तूरडाळ, चहाचं दूध, गोळ्या. तूरडाळ शंभराच्या वर गेली की काकू मुगाच्या पाण्यावर येतात आणि "पचायला हलकं" म्हणून सांगतात. मी पस्तीस किलोच्या मागे धावत होते, आणि त्यांचं अडलं होतं अर्धा किलो डाळीपाशी. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात वृद्धांना पुरेशी पेन्शन हे अन्न सुरक्षेचंच अंग म्हणून लिहिलेलं आहे. तिथे लिहिलेलं आहे एवढंच.

ठरलं ते असं

ऑगस्टमध्ये राखीला मुलगा आला तेव्हा सगळे बसलो. घर कागदावर एकच ठेवायचं. सूनबाईंनी पीथमपूरला वीस किलोच उचलायचे, पाच शिल्लक ठेवायचे, ते काकू इथल्या कंट्रोलवरून घेतील. घराचं धान्य असं थोडं इथे, थोडं तिथे उचलता येतं. ते मला माहीत होतं आणि दुकानदाराने दुजोरा दिला. तोच म्हणाला की उचलण्याआधी मशीनवर किती किलो हवंय ते स्पष्ट सांगायला लावा, नाहीतर समोरचा सगळंच काढून मोकळा होतो. गेलेल्या पंधरातलं दहा किलो मुलाने पीठ करूनच आणलं. उरलेले पाच काकूंनी मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही.

नॉमिनीसाठी शेजारच्या खोलीतली शेजारीण तयार झाली. अर्ज, दोघींचे आधार, फोटो. सप्टेंबरात नाव चढलं नव्हतं. त्या महिन्यात दुकानदाराने काकूंचा अंगठा अकरा वेळा लावून पाहिला आणि बाराव्यांदा लागला. ऑक्टोबरपासून शेजारीण जाते. त्या बदल्यात काकू तिच्या धाकट्याला दुपारी सांभाळतात. हे कुठल्याही योजनेत नाही.

नोव्हेंबरात सूनबाई विसरल्या, पंचवीसच्या पंचवीस निघाले. चौथ्या दिवशी मुलगा पिशवी घेऊन दारात. पाच किलो गहू, आणि वर सूनबाईंनी पाठवलेले सांडगे. काकू सांडग्यांना नावं ठेवत होत्या, मीठ जास्त झालंय म्हणून.

आधारला काकूंचा स्वतःचा मोबाइल जोडायचं अजून राहिलंय. आहे तो साधा फोन, पण ओटीपीपुरता चालेल. कुटुंबप्रमुख बदलायचं मी एकदा सुचवलं, दोघांनीही लक्ष दिलं नाही. वेगळ्या समग्रचा तो भरलेला अर्ज माझ्या फाइलीत तसाच आहे, बिनसहीचा. काकूंना विचारलं, ठेवू का फाडू? म्हणाल्या, "राहू दे. पाठकोरा आहे ना?" मागच्या बाजूला आता दर महिन्याला कुणी किती उचललं ते लिहिते. डिसेंबर : वीस तिकडे, पाच इकडे.